पंधरा गिनींचा सौदा



गेल्या रविवारी सकाळी मी दाढी करीत होतो, तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला स्टॅम्पपेपर. "भाऊ, एवढं वाचून बघा. तुम्ही कचेरीत असता, तुम्हाला कळंल." मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. पण वस्तीत माझ्या दारी कागद येतच असतात. रेशनकार्डाचे, जातपडताळणीचे, शिष्यवृत्तीचे, कधी भाडेपावतीचे. म्हटले, त्यातलाच एखादा असेल. पण हा कागद वेगळा निघाला.

ताईंचा थोरला मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत आहे. सहाव्या वर्षापासून पेटी वाजवतो. पहिले सूर त्याच्या आजोबांनी दाखवले. आजोबा तरुणपणी जलशात पेटीवर बसत. त्यांची ती जुनी पेटी, भात्याला ठिगळ लावलेले, दोन सूर मुके, तीच याच्या वाट्याला आली. पुढे एका संगीत शिक्षकांकडे तो काही वर्षे गेला. या जयंतीला त्याने स्वतः चाल बांधलेले एक गीत वस्तीतल्या मुलींनी स्टेजवर म्हटले. मी तिथे खुर्च्या लावण्याच्या कामात होतो, पण हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो! चाल कुठल्याही सिनेमातली नव्हती. कुणाच्या गाण्याची आठवण झाली नाही. मोबाइलवर गाण्यांचे चॅनेल चालवणाऱ्या एका गृहस्थाने ती ऐकली आणि पाच हजार रुपये देऊ केले. कागदावर लिहिले होते की सदर गीताचे चालीसह सर्व हक्क लिहून घेणाऱ्याकडे कायमचे राहतील व लिहून देणाऱ्याचा वा त्याच्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध वा मागणी राहणार नाही.

"पाच हजार मिळत्यात, भाऊ. क्लासची फी निघंल. सही करू द्यायची ना?"

मी म्हटले, "ताई, कागद चार दिवस माझ्याकडे राहू द्या." त्या बऱ्या मनाने ठेवून गेल्या, पण चेहरा पडला होता. तो कागद हातात घेऊन मी बसलो तेव्हा मला आमच्या वस्तीतले नव्हे, तर सव्वाशे वर्षांपूर्वीचे लंडनजवळचे एक पोर आठवत होते. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे.

सॅम्युएल कोलरिज-टेलर हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर गेले असेल. मलाही ते सापडले ते आडवाटेनेच. अमेरिकेतील निग्रो चळवळीचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. तिकडचे निग्रो लोक युनोकडे जो अर्ज करीत होते त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या आणि ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैत त्यांना उत्तरही पाठवले. हा पत्रव्यवहार आपल्या वाचकांना ठाऊक असेल. ते ड्यू बॉइस कोण म्हणून मी त्यांची पुस्तके शोधू लागलो. त्यांच्या १९२० सालच्या 'डार्कवॉटर' या पुस्तकात एक प्रकरण या संगीतकारावर आहे. समाजशास्त्राचा एवढा मोठा पंडित एका गाणे रचणाऱ्यावर प्रकरण लिहितो, म्हणजे काहीतरी असलेच पाहिजे, असे वाटून मी मागोवा घेत गेलो.

हा मुलगा १५ ऑगस्ट १८७५ रोजी लंडनमध्ये होबर्न भागात जन्मला. वडील डॅनियल टेलर पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे, लंडनमध्ये डॉक्टरी शिकायला आलेले. आई ॲलिस गोरी इंग्रज मुलगी. दोघांचे लग्न झालेले नव्हते. मूल जन्मण्याआधीच वडील आफ्रिकेत परत गेले. आईने मुलाला नाव मात्र झोकात ठेवले, सॅम्युएल टेलर कोलरिज या प्रसिद्ध कवीवरून. पोर वाढले ते क्रॉयडन या लंडनलगतच्या गावात, आईच्या माहेरी. आजोबा बेंजामिन होल्मन्स घोड्यांना नाल ठोकणारे, नालबंद. दिवसभर लोखंड आणि ऐरण, आणि संध्याकाळी हातात व्हायोलिन! त्या आजोबांनीच पाच वर्षांच्या नातवाला एक छोटे व्हायोलिन घेऊन दिले आणि पहिले धडे दिले. पुढे आईने लग्न केले तेही रेल्वेत काम करणाऱ्या माणसाशी. म्हणजे घर सगळे कष्टकऱ्यांचे. संगीत हा तिथे शौक नव्हता आणि धंदाही नव्हता. कामावरून आल्यावर हात धुऊन करायची ती गोष्ट होती.

त्याच्या चरित्रकाराने एक आठवण दिली आहे. जोसेफ बेकविथ नावाचे गावातले एक वादक खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्यावर काही पोरे गोट्या खेळत होती. त्यांत कुरळ्या केसांचे एक सावळे पोर एका हातात गोट्या आणि दुसऱ्या हातात व्हायोलिन धरून खेळत होते. व्हायोलिन खाली ठेवायला तयार नाही आणि गोट्याही सोडवत नाहीत. बेकविथ यांनी त्याला घरात बोलावले, समोर स्वरलिपी ठेवली आणि वाजव म्हणाले. पोराने वाजवून दाखवले. तेव्हापासून सुमारे सात वर्षे बेकविथ यांनी त्याला शिकवले. मला या आठवणीतले व्हायोलिन जेवढे आवडते तेवढ्याच गोट्याही आवडतात. हल्ली आपल्याकडे पोराला जरा काही येते असे दिसले की लगेच त्याला टीव्हीच्या स्पर्धेत उभे करण्याची घाई होते. गोट्या सुटतात आणि पुष्कळदा पेटीही सुटते. असो.

शाळेत त्याच्या रंगावरून पोरे त्याला कोळशाच्या नावाने हाका मारीत. पण आवाज गोड. कर्नल वॉल्टर्स नावाचे एक गृहस्थ चर्चमधल्या गायकमुलांचे प्रमुख होते. त्यांनी त्याला आपल्या गटात घेतले आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्याला प्रवेश मिळावा म्हणून तेच पुढे झाले. कॉलेजचे संचालक जॉर्ज ग्रोव्ह हे चांगले गृहस्थ, पण काळ्या मुलाला घेतले तर बाकीचे विद्यार्थी काय म्हणतील, अशी शंका त्यांनाही आली, असे चरित्रकार सांगतात. गुणवत्तेबद्दल शंका नव्हती. शंका होती ती "बाकीच्यांची". हे वाक्य आपल्याला कुठल्या कुठल्या दारात ऐकायला मिळाले आहे ते वाचकांनीच आठवावे. शेवटी १८९० साली, पंधराव्या वर्षी, त्याला प्रवेश मिळाला. विषय व्हायोलिन.

दोन वर्षांनी त्याने विषय बदलला. वाजवणे मागे ठेवून तो रचना शिकू लागला. एव्हाना त्याची एक प्रार्थनागीताची रचना नोव्हेलो या मोठ्या प्रकाशनसंस्थेने छापलीही होती, तेव्हा तो सोळा वर्षांच्या आत-बाहेर असेल. १८९३ मध्ये रचनेसाठीची शिष्यवृत्ती त्याने मिळवली. रचनेचे गुरू होते चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड. आयरिश माणूस, कडक आणि तोंडाळ. विद्यार्थ्याने आणलेले काम आवडले नाही तर तोंडावर सांगायचे. पण एकदा एका विद्यार्थ्याने या मुलाचा रंगावरून अपमान केलेला त्यांच्या कानावर पडला, तेव्हा त्यांनी त्या मुलाला झाडले आणि सांगितले की याच्या करंगळीत जेवढे संगीत आहे तेवढे तुझ्या अख्ख्या अंगात नाही. गुरू कडक असावा, पण कोणत्या बाबतीत कडक असावा हेही महत्त्वाचे!

याच गुरूने एकदा वर्गात आव्हान टाकले. त्या काळात जर्मनीच्या ब्राम्स या संगीतकाराचा केवढा दबदबा होता! त्याने क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्ये यांच्यासाठी एक रचना केली होती. (क्लॅरिनेट म्हणजे आपल्या लग्नाच्या बँडमध्ये सनईच्या जागी वाजते ते काळे लांब वाद्य.) स्टॅनफर्ड म्हणाले की आता असली रचना कोणी करील आणि तिच्यात ब्राम्सची छाया दिसणार नाही, हे शक्य नाही. वीस वर्षांच्या या पोराने १८९५ मध्ये ती करून आणली. त्याच वाद्यांची, पण चाल स्वतःची, लय स्वतःची. स्टॅनफर्डनी तपासली आणि शाबासकी दिली. पुढे ते स्वतः ती रचना घेऊन बर्लिनला गेले आणि योआखिम या त्या काळच्या श्रेष्ठ व्हायोलिनवादकाला दाखवली.

मला वाटते, शिकणारा आणि रचणारा यांच्यामधला उंबरा इथे आहे. मोठ्याचे नुसते पाठ करणारा शिष्य राहतो, आणि मोठ्याला न शिकताच रचायला बसणारा बहुधा फसतो. या मुलाने ब्राम्स नीट शिकला होता म्हणूनच त्याला चुकवता आला. आपल्याकडे जयंतीच्या हंगामात सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून किती गाणी निघतात! लोकांना ती पाठ होतात, नाचायला बरी पडतात, माझी त्यावर फार तक्रार नाही. पण चाल बांधणारे पोर वस्तीत निघाले तर त्याची किंमत वेगळी करावी लागेल.

स्वतःची चाल म्हणजे तरी कुठून आणायची? या मुलाचे उत्तर हळूहळू सापडत गेले. अमेरिकेतल्या निग्रो गायकांचा एक संच इंग्लंडमध्ये येत असे; त्याचे प्रमुख फ्रेडरिक लाउडिन यांच्यामुळे त्याने गुलामगिरीतल्या लोकांची भजने प्रथम मनापासून ऐकली. मग पॉल लॉरेन्स डनबार हा तरुण निग्रो कवी लंडनला आला. दोघांनी मिळून कार्यक्रम केले, डनबारच्या कवितांना याने चाली दिल्या. बापाला न पाहिलेल्या मुलाला बापाच्या लोकांचा सूर असा परक्यांच्या तोंडून भेटला. पुढे १९०५ मध्ये त्याने अशा चोवीस धुनांचा संग्रह पियानोसाठी केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने म्हटले आहे की ब्राम्सने हंगेरीच्या, द्वोर्झाकने बोहेमियाच्या आणि ग्रीगने नॉर्वेच्या लोकसंगीतासाठी जे केले ते मी या धुनांसाठी करण्याचा प्रयत्न केला आहे. लहान तोंडी मोठा घास? मुळीच नाही. हिशेब सरळ आहे. त्यांचे लोकसंगीत संगीत, तर आमचेही संगीतच.

१८९८ हे त्याच्या आयुष्यातले सोन्याचे वर्ष. ग्लॉस्टरच्या प्रसिद्ध संगीत महोत्सवाने एडवर्ड एल्गार यांच्याकडे नवी रचना मागितली. एल्गारना सवड नव्हती. त्यांनी कळवले की या तरुणाला सांगा, नव्या मुलांत तोच सर्वांत हुशार आहे. एका कलावंताने आपल्याकडे आलेले काम दुसऱ्याच्या पदरात टाकायचे! सप्टेंबरमध्ये त्याने आपली रचना तिथे स्वतः वाद्यवृंद चालवून सादर केली आणि नाव झाले. दोनच महिन्यांनी, ११ नोव्हेंबर १८९८ रोजी, त्याच्याच कॉलेजात 'हायवाथाज वेडिंग फीस्ट' सादर झाले. हायवाथाच्या लग्नाची मेजवानी. लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या मोठ्या काव्यातला हा भाग; नायक अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. वाद्यवृंद चालवायला स्वतः स्टॅनफर्ड उभे होते. वृद्ध आणि आजारी आर्थर सलिव्हन मुद्दाम ऐकायला आले होते. रचनाकाराचे वय तेवीस.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येतो, तो म्हणजे हिशेब. ही रचना त्याने नोव्हेलोला एकरकमी विकली. किती रुपयांना? पंधरा गिनी. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. पंधरा एकवीस तीनशे पंधरा शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पंधरा पौंड पंधरा शिलिंग. सौदा संपला. त्यानंतर झाले असे की इंग्लंडमधल्या गावोगावच्या गायनमंडळांनी ही रचना उचलून धरली. शंभर-दीडशे गाणारी माणसे एका मंडळात, आणि प्रत्येकाच्या हातात छापील प्रत हवी. ती विकत घ्यावी लागते. अशा लाखांच्या संख्येने प्रती खपल्या. पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत रचनाकाराच्या खात्यावर जमा रक्कम शून्य.

कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रकाशकाने चोरी केली नाही. तेवीस वर्षांच्या पोराची रचना छापायची म्हणजे कागद, छपाई, जोखीम सगळी त्यांची. ती खपली नसती तर पंधरा गिनी बुडाल्या असत्या. त्या काळी सगळेच असे विकत. हे सगळे खरे आहे. पण ज्याला पंधरा गिनींची आज गरज आहे तो आणि ज्याला दहा वर्षे वाट बघता येते तो, हे दोघे एका टेबलावर समोरासमोर बसले की सही कोण कुणाच्या अटीवर करणार, हे सांगायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

पुढे मग त्याचे आयुष्य धावपळीचे झाले. १८९९ च्या अखेरीस कॉलेजातल्याच जेसी वॉल्मिस्ली या मुलीशी त्याने लग्न केले. तिच्या घरच्यांचा विरोध होता, कारण सांगायला नको. मुलाचे नाव हायवाथाच ठेवले. मग मुलगी झाली, ॲव्हरिल. संसारासाठी शिकवण्या, कॉलेजांतली अध्यापकी, गायनमंडळे चालवणे, गावोगावच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून जाणे. आज इथली गाडी, उद्या तिथली. रचना करायची ती मधल्या वेळात. वॉशिंग्टनमध्ये काळ्या गायकांनी त्याच्या नावाने मंडळ काढले होते. त्यांच्या आमंत्रणावरून तो १९०४ मध्ये अमेरिकेला गेला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्याला भेटले. आणि घरी क्रॉयडनमध्ये? मुलीने पुढे लिहून ठेवले आहे की रस्त्यात टवाळ पोरांचे टोळके समोरून येताना दिसले की वडील तिचा हात घट्ट धरीत, इतका घट्ट की दुखू लागे. राष्ट्राध्यक्षाशी हस्तांदोलन केलेला हात तोच.

ऑगस्ट १९१२ च्या शेवटी वेस्ट क्रॉयडन स्टेशनवर तो कोसळला. न्यूमोनिया झाला. १ सप्टेंबरला गेला. वय सदतीस. कामाचा ताण भोवला असे त्याच्या जवळच्यांनी म्हटले. मग लोकांना हिशेब आठवला. देशभर ज्याचे गाणे गाजते आहे त्याच्या बायकोमुलांच्या हातात त्या गाण्याचा छदामही येत नाही! लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मदतीचा कार्यक्रम झाला, त्यातून चौदाशे पौंडांहून अधिक रक्कम जमली. राजाने विधवेला वर्षाला शंभर पौंड पेन्शन दिली. आणि १९१४ मध्ये इंग्लंडच्या संगीतकारांनी परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन केली, म्हणजे गाणे जिथे जिथे वाजेल तिथून रचनाकाराचा वाटा गोळा करणारी संस्था. तिच्या मागे जी कारणे होती त्यांत या घराची हकिगतही एक होती. १९२४ पासून १९३९ पर्यंत अल्बर्ट हॉलमध्ये हायवाथा शेकडो कलावंतांनिशी वेशभूषा करून होत राहिला. हॉल भरत राहिला.

माझ्या लहानपणी, कॅसेटच्या जमान्यात, आमच्या वस्तीत एक गीतकार होते. त्यांची दोन गाणी दर जयंतीला मिरवणुकीत वाजत. कॅसेटवाल्याने त्यांना किती दिले होते ते मला ठाऊक नाही, पण एकदाच दिले होते हे ठाऊक आहे. त्यांच्या पत्नीला मी त्याच मिरवणुकीच्या कडेला पाणी वाटताना पाहिले आहे. त्यांच्यामागे ट्रकवर मोठ्या आवाजात नवऱ्याचे गाणे चालू असे.

म्हणून तो स्टॅम्पपेपर मी चार दिवस वाचला. आपल्याकडे कायदा आता पुष्कळ सुधारला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. शिवाय हक्क देताना किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते ते लिहावे लागते. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. शिवाय मुलगा अठरा वर्षांचा नाही, म्हणजे नुसती त्याची सही असून तरी काय उपयोग? हे सगळे मी एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहिले, आमच्या ओळखीच्या वकिलांना दाखवून घेतले, आणि गुरुवारी रात्री ताईंकडे गेलो.

पोरगा पेटीपुढे होता. मी त्याला कोलरिज-टेलरची हकिगत सांगितली. त्याने गोट्यांची गोष्ट दोनदा विचारली. पंधरा गिनींचे ऐकून म्हणाला, "काका, पण त्याला तेव्हा पैसे लागतच असतील ना?" मी काय सांगणार? लागत होते.

ताई ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं बरोबर असंल. पण क्लासवाले दहा तारखेच्या पुढं थांबत नाहीत." मी सुचवले की त्या गृहस्थाला 'कायमचे' हा शब्द खोडायला सांगू, पाच वर्षांची मुदत घालू, रॉयल्टीचे कलम टाकू, आणि पाच हजार आगाऊ म्हणून मागू. त्याला फोन केला. तो म्हणाला, विचार करून सांगतो. हे लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. दहा तारीख येत्या मंगळवारी आहे. फीसाठी मंडळातल्या तिघा-चौघांशी बोललो आहे; दोन हजार जमले, बाकीचे बघतो आहे. स्टॅम्पपेपर माझ्या टेबलाच्या खणात आहे, सहीची जागा कोरी.